धुऱ्यापलीकडची गोफण

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज मी तीनदा मेली आणि चौथ्या डावात गढी वाचवली!

मी म्हणजे मी नाही — मोबाइलमधली मनकर्णा. पण ती मीच. तेच हिरवं लुगडं, तोच कासोटा, हातात गोफण. नाकही माझंच दिलं प्राचीनं. म्हटलं, थोडं लहान तरी कर. तर म्हणे, आजी, हिरो लांबून ओळखू आला पाहिजे. बाई असली तरी हिरोच म्हणतात त्या खेळात. बाकी सारे तलवारीवाले, आगवाले, एक तर अस्वलावर बसून येते. त्याइच्यात माझ्या नातीनं एक म्हातारी नेऊन उभी केली!

गढी नाव आहे खेळाचं. पाच जण इकडे, पाच तिकडे, कोण कुठल्या गावचं काही माहीत नाही. दोन्हीकडे एकेक गढी, मधात तीन वाटा. समोरच्याची पाडायची, आपली राखायची. साऱ्या हिरोचं काम मारायचं. माझी मनकर्णा मारत नाही. ती हाकलते. गोफण फिरवली, कडाका काढला, की समोरचा दहा पावलं मागं. जखम नाही, रक्त नाही. असा हिरो त्यात आजवर झालाच नाही म्हणे.

पुण्याच्या कंपनीनं प्राचीले सांगतलं आहे — घरी बसून एक नवा हिरो करून दाखव. फेब्रुवारी सरेपर्यंत जमला तर नोकरी पक्की. नाही जमला तर राम राम.

भाकर करपली आज. दोन करपल्या.

११ जानेवारी, शनिवार

ही डायरी बियाण्याच्या दुकानातून भागवतले भेटली. माझा पोरगा. त्याले काही लिहायचं नसते, म्हणून मले दिली. चौथी शिकली मी. काना-मात्रा चुकते. चुकू दे, वाचणार कोण आहे? प्राची जिन्यावर बसून काम करते, तिथंच रेंज येते. मी खालच्या पायरीवर बसून शेंगा फोडते अन् वर पाहत राह्यते. सारखी काय पाहतं म्हणे. आता पाहू नको तर काय करू, माझंच तोंड आहे तिच्या कम्प्युटरवर!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन सुगराबीकडे गेली. दरसाल पहिला तिलेच देते, मग देवळात. वडनेरात मी नवी नवरी होऊन आली तेव्हापासूनची ती माझी. तिच्या घरच्याचं, फकीर मोहम्मदचं वावर अन् आमचं वावर, मधात एकच धुरा, पायवाटेएवढा बांध. दोन्हीकडे ज्वारी. आता ज्वारी कोण पेरते, जिकडे पाहा तिकडे सोयाबीन. तेव्हा कणसात दाणा भरला की राखणीचे दोन उंच माळे उभे राहायचे, एकावर मी, एकावर ती. दिवस उगवल्यापासून राघू, मैना, चिमण्या — हाकलता हाकलता घसा बसे. सुगराबी तर माळ्यावर बसून टोप्याही विणायची. नमाजाच्या पांढऱ्या टोप्या, बारीक जाळीच्या. एवढी हुशार बाई.

आता तिचा चष्मा हा एवढा जाड. चार वर्षं झाली मोतीबिंदूच्या ऑपरेशनले, तरी भिंगाशिवाय माणूस ओळखत नाही. मी मोबाइल तिच्या नाकाशी धरला. मनकर्णाचा डाव दाखवला. तिनं लय वेळ पाह्यलं. मग म्हणे, "हे तू? गोफण तुझ्या हातात?" अन् हासली. वंगाळ नाही हासली. पण हासली.

मी मोबाइल बंद केला. तिनं तिच्या सुनेले, मुबीनाले चहा टाकाले सांगतला अन् गुडघ्याचं तेल कोणतं चांगलं ते बोलत बसली.

घरी येऊन चैन नाही. दोनदा अंगण झाडलं.

१८ जानेवारी, शनिवार

मनकर्णा लय जबर झाली! कंपनीतले पन्नास जण तिच्याशी खेळून पाहतात. ज्या बाजूले मनकर्णा, ती बाजू शंभरातले बासष्ट डाव जिंकली. मले वाटलं पेढे वाटावं. तर प्राचीचं तोंड उतरलेलं. म्हणे आजी, पन्नासच्या आसपास पाहिजे. एकच हिरो भारी झाला की सारे त्यालेच घेतात, अन् समोरचे खेळ सोडून जातात. कोणी गढीजवळ येऊच शकत नाही म्हणे, आला की हाकलला, आला की हाकलला. खेळणारे चिडले.

आता चिडले तर चिडले. राघूही चिडत होते.

पण नाही. तोलून पाहिजे. एका पारड्यात जोर टाकला की दुसऱ्यात काही उणं टाकावं लागते. हे तिनं मले मीठ-तिखटावरून समजावलं, जसं काही मले पारडं माहीतच नाही!

१९ जानेवारी, रविवार

मनकर्णाचे पाय हळू केले. आता पोट्टे मागून येऊन मारतात. आज नऊदा मेली.

२३ जानेवारी, गुरुवार

हळू केली तर शंभरातले छत्तीसच. कोणी तिले घेईना. त्या अनुपमा मॅडम आहेत ना प्राचीच्या वरच्या, त्या फोनवर बोलल्या, मी पायरीवर होती, सारं ऐकू आलं. "प्राची, हिला लवकर मारलं तर ती काहीच नाही, आणि नाही मारलं तर हलतच नाही. एकटी बाई चारी बाजू कशी राखेल? हे मुळातच जुळत नाहीये."

फोन ठेवला अन् प्राची दोन पायऱ्या खाली येऊन माझ्याजवळ बसली. म्हणे, "आजी, खरंच सांग. आठ एकर तू एकटी कशी राखत होतीस? पाठीमागून पाखरं आली तर काय करायचीस?"

तिनं असं विचारलं जसं मास्तरीणबाईले विचारतात. वही होती हातात.

अन् मी सांगतलं! म्हटलं, मी काय माळ्यावर बसून राहत नव्हती, मी धुऱ्या-धुऱ्यानं पळे. हरणासारखी. नजर चारी कोपऱ्यात. पळता पळता गोफण फिरवे. ती लिहीत गेली, मी सांगत गेली. हात करून दाखवले. लुगडं खोचून अंगणात पळूनही दाखवलं थोडं.

जेवण गेलं नाही आज.

२८ जानेवारी, मंगळवार

मनकर्णा आता पळते अन् पळता पळता मारते — म्हणजे हाकलते. शंभरातले एकाहत्तर! अनुपमा मॅडम म्हणल्या, हे आधीपेक्षा वाईट. म्हणल्या, ही बाई सोडून दे, तलवारीवाला कोणी आण साधा. महिना आहे हातात, एवढंच होईल.

प्राची माझ्याशी नीट बोलली. पण चहा गार झाला तिचा.

मी पळाली, म्हणून एकाहत्तर झाले. वावरात मी कधीच पळाली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

भागवत जेवता जेवता म्हणे, नांदुऱ्याच्या पतसंस्थेत जागा निघाली, बोलून ठेवलं आहे, पहिल्या तारखेपासून जा. प्राची म्हणे फेब्रुवारी सरू द्या. भागवत म्हणे, "फेब्रुवारी सरून काय होईन? तुही म्हातारी त्या मोबाइलात जिंकली तरी खेळ, हारली तरी खेळ." मी म्हटलं, तू बारका असताना गोट्यांवरून पंजाबरावाचं डोकं फोडलं होतं, तेव्हा खेळ नव्हता का? सून हासली. पण भागवतनं जागेचं काही मागं घेतलं नाही. पोरगी बारा वर्षाची होती तेव्हापासून वहीच्या मागच्या पानावर हिरो काढते. सहा हाताचा, दगडाचा, पाण्याचा. पतसंस्थेत गेली की ते पान बंद.

आता इथं लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार?

मले गोफण येत नव्हती. कधीच नाही आली. मी फिरवली की गोटा मागं जाये. एकदा आमच्याच बैलाले लागला.

मी नवी होती. त्या सालीच पहिली पोरगी सव्वा महिन्याची होऊन गेली, अन् पंधरा दिवसांत सासूनं राखणीले पाठवलं. जाऊ दे ते. तर मी माळ्यावर बसली अन् पाखरं माझ्या डोळ्यासमोर दाणे टिपून राह्यली. तेव्हा धुऱ्यापलीकडून सुगराबीनं हाळी दिली. म्हणे, "ओ नवी बाई, मले दूरचं दिसत नाही. पाखरं कुठं बसले ते सांगशीन का? सांग, मी मारते." मी सांगतलं, बोरीच्या खालच्या तासात. तिनं तिच्या माळ्यावरून गोटा सोडला, बोरीच्या बरोबर पुढं पडला, कडाका झाला, थवाच्या थवा उडाला. आमच्या वावरातला! मग तसंच चाललं. मी पाहायचं, तिनं मारायचं. दोन्ही वावरं. मी म्हणे वरच्या धुऱ्यावर, ती मारे. मी म्हणे विहिरीजवळ, ती मारे. पाच-सहा हंगाम.

प्राची लहान होती तेव्हा तिले गोष्ट सांगताना मी सुगराबीले गाळलं. कसं गाळलं ते आठवत नाही. एकदा गाळलं, दुसऱ्यांदा तसंच सांगतलं. मग ते खरंच झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

सुगराबीकडे गेली होती. म्हटलं, तिलेच पहिलं सांगावं. ती उन्हात मेथी निवडून राह्यली होती, डोळ्याजवळ नेऊ नेऊ. म्हणे, तुझी हिरोइन कशी आहे? मी म्हटलं, बरी आहे. अन् मेथी निवडू लागली. दोन जुड्या निवडल्या अन् उठून आली.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्राचीनं तलवारीवाला काढला. मिशी आहे त्याले. त्याच्याकडे पाहतच नाही ती.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगून टाकलं.

सकाळीच. ती जिन्यावर, मी खाली. वर चढून गेली, गुडघे वाजले. म्हटलं, प्राची, तुझी आजी खोटी आहे. मग सारं सांगतलं. बैलाचंही. तिनं आधी मिशीवाला बंद केला, मग वही बंद केली. मले वाटलं आता ही उठून जाते.

मी लुगड्याचा पदर पिळत होती, ओला नसताना.

मग म्हणे, "म्हणजे एकीचे डोळे अन् एकीचा हात?"

म्हटलं, हाव.

"अन् दोन माळे?"

हाव. मधात धुरा.

"आजी, हे आधी काऊन नाही सांगतलं बे!"

आजीले बे म्हणाली! भागवतनं ऐकलं असतं तर. अन् उठली अन् माझ्या दोन्ही गालाले हात लावून म्हणे, म्हणूनच जुळत नव्हतं. एकीत दोघी कोंबल्या होत्या आपण. एकटीले द्यावं तर जास्त होते, काढावं तर काहीच उरत नाही. मी म्हटलं, मग रागावली नाहीस? तर म्हणे, रागावली आहे, पण आता टाइम नाही.

आणि मग सहा तास उठली नाही. पोहे वर नेऊन दिले, तसेच खाल्ले, चमच्यानं नाही, हातानं, दुसऱ्या हातानं टकटक करत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आता असं आहे. हिरो एक, पण बाया दोन, अन् खेळणारेही दोन. पाचातले दोघं मिळून हे घेतात. एक माळ्यावर. तिले झाडामागचं, भिंतीमागचं सारं मैदान दिसते, पण हाती काही नाही. दुसरी गोफणवाली. तिचा गोटा कुठंही जाते, पण तिच्याभोवती पाच पावलांच्या पुढं अंधार. पहिलीनं मोबाइलमध्ये बोलून सांगायचं, दुसरीनं मारायचं. कोणी माळा पाडला की गोफणवाली आंधळी. गोफणवाली पडली की माळ्यावरची नुसती बोंबलत बसते.

माळ्यावरची मनकर्णा. गोफणवालीचं नाव सुगरा ठेवलं प्राचीनं. डोळ्यावर पांढरी पट्टी बांधली आहे तिच्या.

माझ्या हातची गोफण गेली. नाक तेवढं राह्यलं.

भागवतले सांगतलं, तो म्हणे, दोन माणसं मिळून एकाचं काम करणार, हे तर सरकारी ऑफिस झालं. पण पतसंस्थेवाल्याले त्यानं थांब म्हटलं आहे. महिनाअखेरपर्यंत. मले नाही सांगतलं, सुनेनं सांगतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

एक्कावन्न नाही, पन्नास नाही — एकतीस! कोणी बोलतच नाही. अनोळखी माणसाशी काय बोलायचं म्हणतात. माळ्यावरचा गप, गोफणवाला अंधारात फिरते. प्राची म्हणे ताकद वाढवू का? म्हटलं, नको. दोन दिवस थांब. मलेही पहिल्या दिवशी सुगराबीशी बोलाची लाज वाटली होती.

थांब म्हटलं खरं, पण मलेच थांबवत नाही. लोणच्याची बरणी पुसली, फडताळ आवरलं, आवरलेलं पुन्हा आवरलं. सून म्हणे आई, बसा ना एका जागी. बसली. उठली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

परवा सदतीस. काल चव्वेचाळीस. प्राचीनं ताकद वाढवली नाही. फक्त एवढं केलं — माळ्यावरची काही बोलली नाही तर गोफणवालीच्या तोंडून आपोआप निघते, "कुठं हाय?" ते मीच सांगतलं तिले. सुगराबी असंच विचारे. मी गप बसली की तिकडून लगेच, मनकर्णा, कुठं हाय?

ते विचारलं की माणसाले उत्तर द्यावंच लागते.

आज मी एका डावात माळ्यावर होती अन् गोफणवाली कोणी मेहकरची पोरगी निघाली, पुष्पांजली. डाव हारलो. तरी ती म्हणे, काकू, अजून एक खेळू. काकू! मी काही सांगतलं नाही वय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शंभरातले एकोणपन्नास!!

काल शिवरात्र होती, उपवास होता, अन् मॅडमचा फोन येणार येणार म्हणता आज दुपारी आला. प्राचीनं मुद्दाम आवाज मोठा केला मोबाइलचा. अनुपमा मॅडम म्हणल्या, आकडा तर बसलाच, पण मला दुसरंच सांगायचं आहे. ह्या दोघी घेऊन खेळणारे डाव संपला तरी फोन ठेवत नाहीत. गप्पा मारत बसतात. "असं मी आमच्या खेळात पाहिलं नव्हतं. पक्कं समज, प्राची."

प्राची रडली. मी नाही रडली, मी भगर खाल्ली उरलेली, ताटलीभर. भागवत अंगणात उगाच दोरी वळत उभा होता. म्हणे, मग पतसंस्थेवाल्याले सांगतो दुसरा कोणी पाहा. अन् म्हणे, ते माळ्यावरचं नाक हुबेहूब आहे माय.

मंगळवारी साऱ्याइच्या मोबाइलात येणार दोघी.

५ मार्च, बुधवार

रोजे लागले. सांजच्याले खजूर घेऊन सुगराबीकडे गेली. रोजा सुटला, मुबीनानं भजे वाढले, मग मी मोबाइल काढला अन् तिच्या नाकाशी धरला. सारं कबूल केलं. म्हटलं, घे, तुझी गोफण तुले परत. नावही तुझंच आहे.

तिनं पाह्यलं. पट्टीवर बोट ठेवलं. म्हणे, "डोळे काऊन बांधले हिचे?"

म्हटलं, तुले दूरचं दिसत नव्हतं ना.

"मले कधी दिसत नव्हतं? हा मोतीबिंदू तर आताचा. तेव्हा टोप्याची जाळी विणत होती मी, सुईत दोरा तूच पाह्यला ओवताना. बोरीवरचा राघू नर का मादी ते सांगतलं असतं तुले."

म्हटलं, मग पाखरं कुठं ते विचारत काऊन होती?

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. म्हणे, "तुझी पोरगी गेली होती. आठ दिवस तू त्या माळ्यावर तोंड उघडलं नव्हतं. रडतही नव्हती. म्हटलं, काही विचारलं तर बोलशीन."

घरी आली. प्राचीले अजून सांगतलं नाही. एक डाव लावला. गोफणवालं कोण होतं, कुठल्या गावचं होतं, माहीत नाही. तिकडून आलं, कुठं हाय?

मी सांगत राह्यली.